शेजारच्या टेबलाची मोटार

त्या दिवशी दुपारी रस्त्याचा आवाज बंद पडला. कमी झाला नाही, लांब गेला नाही. घरातला फ्रीज धापा टाकता टाकता एकदम गप्प व्हावा आणि तो इतका वेळ चालू होता हेच तेव्हा कळावं, तसा बंद पडला. बस नाही, हॉर्न नाही, समोरच्या दुकानाचं शटर नाही. अख्ख्या रस्त्यावर आवाज उरला तो फक्त आमच्या पहिल्या मजल्यावरच्या उघड्या खिडकीतून बाहेर पडणारा, दोन मोटारींचा. आणि त्या दोन्ही मीच चालवत होतो.

मोटारी म्हणजे कवळ्या घासायच्या. मी कवळ्या करतो. परक्या देशात येऊन माणसाने काय करावं याला काही नियम नसतो. मी लोकांना दात दिले. इथले पुष्कळ वजनदार लोक माझ्या दातांनी हसतात, माझ्या दातांनी भाषणं करतात, आणि माझ्यासारखे लोक इथे फार झालेत असं म्हणतात तेही माझ्याच दातांनी. माझी तक्रार नाही. कवळी हलत नाही ना, एवढंच मी बघतो. चेहऱ्याने मी कुणालाच ओळखत नाही. माझ्यापर्यंत पोचतो तो जबडा, प्लॅस्टरचा, त्यावर डॉक्टरने पेन्सिलीने टाकलेला आकडा. त्या जबड्यावर मेणात दात मांडायचे, मेणाच्या जागी गुलाबी हिरडी ओतायची, मग मोटारीच्या ब्रशवर धरून ती खऱ्या हिरडीसारखी ओली दिसेपर्यंत घासायची. ती गुलाबी भुकटी नाकात, कानात, डब्यातल्या पोळीत जाते. बायको म्हणते, "तुम्ही शिंकलात की शेजाऱ्यांची हिरडी उडते."

मेण मांडायचं काम शेजारच्या टेबलावरचा करायचा, म्हणून तो मेणवाला; मेण झालं की मोटारीवर घासायलाही बसायचा. तोही परकाच, पण वेगळ्या देशातला आणि वेगळ्या देवाचा. माझा देव मी विमानात बसतानाच सामानात टाकला होता, तो अजून पुरता बाहेर काढलेला नाही. मेणवाल्याचा मात्र खिशातच असायचा. रोज दुपारी सूर्य डोक्यावर आला की त्याला प्रार्थना करावी लागे. छोटीशीच, बसून करायची. तो रबरी वाटीत प्लॅस्टर कालवायचा, साच्यात ओतायचा आणि मागच्या गोदामात प्लॅस्टरच्या पोत्यांआड जाऊन बसायचा. प्लॅस्टर घट्ट होताना गरम होतं. त्याला ऊब आली की हा बाहेर. प्रार्थनेला इतकं प्रामाणिक घड्याळ मी दुसरं पाहिलेलं नाही.

अडचण मालकाची होती. मालक प्लायवूडच्या पलीकडे बसायचा आणि आमच्यावर कानाने लक्ष ठेवायचा. दोन मोटारी वाजतायत म्हणजे दोन माणसं कामात. एक थांबली की खुर्ची करकरायची, आणि मग पार्टिशनच्या दारातून त्याचं डोकं. सुरुवातीलाच एकदा मेणवाला मला म्हणाला, "शेजारी, मी आत जातो तेवढी माझी मोटार चालू ठेव ना."

"आणि पकडलं तर?"

"तर सांग, बंद करायला विसरून गेला. विसरणं हे पाप नाही."

"तुमच्यात नसेल. मालकांत असेल."

तेव्हापासून रोज दुपारी मी डावा हात लांबवून त्याची मोटार सुरू करायचो. दोन्ही ब्रश फिरत. माझ्यावर मी काम करायचो, त्याचा नुसताच हवेत. तो बाहेर आला की म्हणायचा, "आज वर तुझं नाव सांगितलंय." मी विचारायचो, मग काय म्हणाला? "म्हणाला, हा कोण?" आणि आम्ही दोघंही दात काढायचो. या एवढ्याशा उपकाराचा मी आतल्या आत केवढा सोहळा केला होता हे आता आठवतं. सुट्टीच्या दिवशी आमच्या मंडळींचा चहा असला की विषय कुठलाही निघो, मी तो फिरवून त्या मोटारीपर्यंत आणायचो. "काय मोठं मन आहे हो तुमचं," असं कुणीतरी म्हणायचंच. एक बटण दाबून मोठं मन मिळत असेल तर कोण नाही म्हणेल?

त्यांच्या लोकांचं इथलं जुनं प्रार्थनाघर दुरुस्तीच्या नावाखाली कुलूप लावून ठेवलं होतं. दुरुस्ती कसली ते कुणी सांगेना, आणि आत गवंडी काही जाईना. वर नवा हुकूम निघाला की प्रार्थना घरात करा. कामाच्या जागी नको, उघड्यावर नको. मग त्यांनी ठरवलं की एका दुपारी सगळ्यांनी मोठ्या रस्त्यावर यायचं, बसायचं, रोजची तेवढीच प्रार्थना करायची, उठून घरी जायचं. घोषणा नाहीत, फलक नाहीत. ते जाहीर झालं तशी सगळ्या मालकांना तंबी आली: त्या वेळी कामावरून कोण उठून गेलं ते कळवा. आमच्यासारख्यांचं राहणं नोकरीला बांधलेलं असतं. नोकरी गेली की परवाना गेला, परवाना गेला की बिऱ्हाड.

आदल्या दिवशी मेणवाला सुळे बसवत होता. वर न बघता म्हणाला, "उद्या मी गोदामात नाही."

"मग?"

"खाली."

"वेडा आहेस का? बायकोला विचारलंस?"

"तीही येतेय. सासूही. सासूला दम लागतो, पण म्हणाली, बसायचंच तर आहे." त्याने सुळा जरा बाहेर ओढला, मान तिरकी करून पाहिला, पुन्हा आत ढकलला. "मागच्या जिन्याने जाईन, मागच्या जिन्याने येईन. तू फक्त माझी मोटार चालू ठेव. नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ. प्लॅस्टरच्या दोन वाट्या धर."

"आणि मालक आला म्हणजे?"

"आवाज चालू असताना तो कधी आलाय का?"

म्हणजे माझ्याकडून काय हवं होतं हे मला नीट माहीत होतं, आणि त्यात अवघड असं काहीही नव्हतं. हे आधीच सांगून ठेवतो.

तर रस्ता गप्प झाला. मी मान वळवून खिडकीबाहेर पाहिलं आणि हातातली कवळी ब्रशवरून बाजूला झाली. या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं बसली होती. ती आलेली मला कळलीच नव्हती. पावलांचाही आवाज नाही. ओळी कुणी आखल्या नव्हत्या, तरी ओळी होत्या. कामाच्या कपड्यांतले, दुकानाचा एप्रन अंगावर तसाच ठेवून आलेले, पोरं मांडीवर घेतलेल्या बायका. दोन्ही बाजूंना पोलीस हात मागे बांधून उभे, आणि काय करायचं ते न सुचल्यामुळे तेच जास्त अवघडलेले. वरून सगळी डोकीच दिसत होती. मी त्यांच्यात मेणवाल्याला शोधलं, पण डोक्यांवरून माणूस ओळखण्याची मला सवय नाही.

आणि मला एकदम घर आठवलं. इथलं नाही, तिकडचं. आमच्या रस्त्यावरून वर्षातून एकदा दुसऱ्यांची मिरवणूक जायची. आमच्याहून थोडे, म्हणून ते दुसरे. ती कोपऱ्यावर आली की वडील खिडकी लावायचे आणि रेडिओ मोठा करायचे. वैर वगैरे काही नव्हतं. वडील कुणाच्या अध्यात ना मध्यात. वैर असतं तर निदान खिडकी उघडी ठेवावी लागली असती. आई फटीला डोळा लावून उभी राहायची. "किती शिस्तीत चाललेत बाई," ती म्हणायची. वडील म्हणायचे, "रेडिओ ऐक." मग ती रेडिओसमोर येऊन बसायची, पण तिचा एक कान खिडकीतच असायचा, आणि आवाज पार दूर गेल्यावर वडील रेडिओ इतक्या झटकन बारीक करायचे, की मला लहानपणी वाटायचं, यांनाही ऐकायचंच होतं. तो रेडिओ, ती लावलेली खिडकी, बंद खोलीतला उकाडा आणि कुणाच्या तरी मोठ्या आवाजात सांगितले जाणारे बाजारभाव. माझ्या आयुष्यात दुसऱ्यांचा देव म्हणजे एवढंच. आणि आता मी दुसरा झालो होतो, थोड्यांतला, आणि खिडकी उघडी होती.

खोटं कशाला बोलू, मलाही खाली जाऊन बसावंसं वाटलं. त्यात थोडा मत्सरही असावा. इतकी माणसं एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून बसली होती आणि कुणी कुणाला तू कुठला म्हणून विचारत नव्हतं. मला या शहरात असं कोणाशेजारी बसता आलं असतं? आमची मंडळी जमली तर आधी खुर्च्यांवरून भांडतात. मी भारावलो, असंच म्हणतो. भारावलेला माणूस फार घातकी असतो, पण त्याला ते ठाऊक नसतं. त्याला वाटतं, आता आपल्याकडूनही काहीतरी व्हायला हवं.

तेवढ्यात खालच्या एका म्हातारीने वर पाहिलं. खिडकीच्या बरोबर खाली बसलेली, काटकुळी, डोक्यावरून पांढरं ओढलेलं. ती थेट माझ्याकडे बघत होती. तोंड घट्ट मिटलेलं, ओठ पार आत ओढून घेतलेले, गालफडं बसलेली. जबड्यांवर जन्म काढलेला माणूस मी. ते तोंड मी एका नजरेत वाचलं. ती म्हणत होती: इतक्या माणसांच्या प्रार्थनेत तुझी घरघर कसली रे?

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या मोटारींचा आवाज माझा मलाच ऐकवेना. देवळात कुणी चपला घालून फिरावं तसा तो त्या शांततेत फिरत होता. मी माझी मोटार बंद केली. बरं वाटलं. मग डावा हात लांबवला आणि शेजारच्या टेबलाचीही बंद केली. ब्रश दोन-चार गिरक्या घेऊन थांबला. आता सगळीकडे एकच शांतता झाली, खाली आणि वर. मी हातातली कवळी अदबीने टेबलावर ठेवली, स्टूल मागे सारलं आणि खिडकीपाशी उभा राहिलो. सरळ, हात जुळवून. इतकं स्वच्छ, इतकं बरं मला या देशात पूर्वी कधी वाटलं नव्हतं.

पार्टिशनपलीकडे खुर्ची करकरली.

मालक एकटा नव्हता. आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक असलेले दातांचे डॉक्टर त्याच्याबरोबर होते; बाहेर रस्ता अडला म्हणून तिथेच अडकून पडलेले, आणि त्यापायी वैतागलेले. "तुमच्याकडचेही गेले की काय सगळे?" असं विचारतच ते दारात आले. मालकाने मेणवाल्याच्या रिकाम्या स्टुलाकडे पाहिलं. टेबलावर मेणवाल्याने जाताना कालवलेल्या दुसऱ्या वाटीतलं प्लॅस्टर कडक होऊन बसलं होतं आणि त्यात कालवायची पट्टी ताठ उभी होती.

"कुठे आहे तो?" मालकाने विचारलं.

संडासात, म्हणता आलं असतं. मेण आणायला गेलाय, म्हणता आलं असतं. इतक्या वर्षांत मालकाला मी याहून मोठ्या थापा याहून क्षुल्लक कारणांसाठी मारल्या होत्या. पण हात जुळवलेले होते ना. जुळवलेल्या हातांनी चटकन थाप येत नाही. मी नुसतं एकदा खिडकीकडे पाहिलं. डॉक्टरांनीही पाहिलं. "अस्सं," ते म्हणाले. कवळी नीट बसली की म्हणतात तसंच.

डॉक्टर गेल्यावर मालक आत आला आणि मेणवाल्याच्या स्टुलावर बसला. त्याला तिथे बसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"बंद का केलीस?"

"खाली प्रार्थना चालली होती."

"ती तर रोजच चालते. गोदामात."

मी टेबलावरची कवळी उगाचच उचलली.

"मला काय बहिरा समजता काय रे दोघं?" तो म्हणाला. रागाने नाही, थकून. "दात धरला की मोटार दबते, आवाज खाली येतो, सोडला की वर जातो. तुझ्या शेजारची मोटार रोज दुपारी एका सुरात वाजते. रिकामी. इतकी वर्षं मी रिकामी मोटार ऐकतोय."

"मग बोलला का नाहीत?"

"कशाला बोलू? आवाज होता. आवाज होता तोवर मला काही माहीत नव्हतं. आज तू मला माहीत करून दिलंस, तेही डॉक्टरांसमोर." तो उठला. "मी कळवलं नाही तर ते माझंच नाव कळवतील. त्याचा परवाना या नोकरीवर आहे." दारातून त्याने पुन्हा डोकं आत घातलं. "तुझाही."

इतकी वर्षं मी प्लायवूडच्या अलीकडे बसून एका कठोर माणसाला फसवत होतो. पलीकडे तसा कोणी नव्हताच. एक माणूस रेडिओ ऐकत बसला होता, एवढंच.

संध्याकाळी बायकोला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. ती आणि मेणवाल्याची बायको एकाच दुकानात शिवणकाम करतात. भाषा एकमेकींची येत नाही, तरी दिवसभर बोलत असतात.

"बंद केलीत म्हणजे?" तिने विचारलं.

"अगं, तिथे असतीस तर तूही केली असतीस. इतकी माणसं, काय ती शांतता... मी उभा राहिलो, हात जोडून. आपोआप."

"घरात देवापुढे कधी मिनिटभर उभे राहिला नाहीत ते."

"ते वेगळं."

"वेगळं कसं? तिथे बघायला कोणी नसतं म्हणून?" तिने पोळी तव्यावर टाकली. "एक बटण होतं हो तुमच्याकडे. एक. तेवढं त्याने मागितलं होतं. आणि मंडळींत जाऊन चहाबरोबर तेच वाढायचात ना सगळ्यांना?"

"माझा हेतू..."

"हेतूने त्यांचं सामान बांधून होणार आहे का?" एवढं बोलून तिने पोळी उलटली. सकाळी मी उठलो तेव्हा ती गेलेली होती. सामान बांधायलाच गेली असणार.

मेणवाला त्या दिवशी हत्यारं न्यायला आला. मेणाची सुरी, स्पिरिटचा दिवा, घासून घासून अर्धं झालेलं कोरायचं पातं, सगळं स्वतःचं. एकेक वस्तू पुसून तो पिशवीत टाकत होता. काल मालकाने त्याला हाक मारून नोकरी गेल्याचं सांगितलं तेव्हा मी नेमका गोदामात प्लॅस्टर आणायला गेलो होतो, आणि प्लॅस्टर सापडायला मला फार वेळ लागला होता.

"तू उभा होतास," तो म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

"मी बघितलं. तुझ्या खिडकीच्या बरोबर खाली होतो. मुद्दाम तिथे जागा धरली होती."

"मुद्दाम?"

"मोटारी ऐकू याव्यात म्हणून." त्याने दिव्याची वात खाली केली, झाकण लावलं. "त्या चालू आहेत म्हणजे वर सगळं ठीक आहे, मग निवांत बसता येतं. नेहमीसारखं. ओळीतल्यांना मी सांगितलंसुद्धा, तो वरचा आवाज ऐकताय ना, तो मीच. मी वर कामावर आहे. सगळे हसले. मग तो आवाज एकदम थांबला. प्रार्थना अर्ध्यात होती. आमच्यात अर्ध्यातून उठत नाहीत, नाहीतर धावत आलो असतो."

"मला वाटलं, तुमच्या लोकांना त्रास होतोय. एक म्हातारी वर बघत होती. तोंड असं गच्च मिटून. मला वाटलं, शिव्या घालतेय."

"पांढरं ओढलेली? काटकुळी?"

"हो."

"ती माझी सासू," तो म्हणाला. "तिलाच सांगितलं होतं ना, वर बघ, तो माझा शेजारी. ती हसत होती."

"ओठ आत होते रे तिचे!"

"कवळी काढून ठेवून येते ती प्रार्थनेला. म्हणते, त्याच्यापुढे जाताना तोंडात खोटं काही नको." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि क्षणभर त्याचा जुना चेहरा आला. "कवळी तुझ्याच हातची आहे. चांगली बसलीय."

मी काहीतरी म्हणालो असेन. माफ कर असं म्हणालो की नाही, ते खरंच आठवत नाही. त्याने पिशवी खांद्याला लावली. जाता जाता सवयीने साच्यातल्या कालच्या प्लॅस्टरवर पालथा हात ठेवून पाहिला. ते गार होतं.

"आणि आमच्यात उभं राहत नाहीत," दारातून तो म्हणाला. "बसतात."

मग मी कामाला लागलो. काम भरपूर होतं. त्याच्या अर्धवट मेणाच्या कवळ्याही आता माझ्याच टेबलावर आल्या होत्या. खाली बसगाड्या जात होत्या, हॉर्न वाजत होते, रस्ता इतका नेहमीसारखा होता की काल त्यावर कोणी बसलं होतं असं सांगितलं असतं तर लोकांनी मलाच वेड्यात काढलं असतं. दुपार झाली. ऊन टेबलाच्या कडेवर आलं, आणि माझा डावा हात लांब झाला. मी केला नाही, तो झाला. शेजारच्या टेबलाची मोटार घरघरली आणि मग एका सुरात वाजू लागली. रिकामी.

पार्टिशनपलीकडे आता खुर्ची करकरेल म्हणून मी वाट पाहिली. करकरली नाही. मालक ऐकत असणार. स्टुलावर कोणी नाही हे त्याला माहीत होतं, गोदामात कोणी नाही हेही माहीत होतं. पण आवाज चालू होता. मी मान खाली घालून कवळी ब्रशवर धरली. गोदामाच्या दाराकडे पाठ करून बसलं, आणि मोटार वाजत राहिली, की आत पोत्यांआड कोणीतरी बसलंय असं अगदी नीट वाटत होतं.